सागरविज्ञानाचा अभ्यास : ओळख, अभ्यासक्रम व वाटा

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे पुढे काय? या प्रश्नाची उत्तरे आपल्याकडे जवळजवळ ठरून गेलेली आहेत. गुण चांगले पडले तर डॉक्टर किंवा इंजिनिअर, मध्यम पडले तर डी. एड., आय. टी. आय. किंवा बँक-रेल्वेच्या परीक्षा. या वाटांबद्दल आमची तक्रार नाही. बँकेच्या परीक्षेनेच आमच्याही घरची चूल पेटते. परंतु ज्ञानाचे क्षेत्र एवढेच आहे असे मुलांनी समजू नये, म्हणून प्रस्तुत लेखात एका वेगळ्या विद्याशाखेची ओळख करून देण्याचे योजिले आहे. ती विद्याशाखा म्हणजे सागरविज्ञान होय.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. भूगोल घेऊन कला शाखेची पदवी घेतली आणि त्यानंतरचा काळ काउंटरवर गेला. तरीही या विषयाचे वाचन सुटले नाही. काउंटरवर शैक्षणिक कर्जाची चौकशी करायला येणाऱ्या पालकांशी बोलताना असे दिसून आले की, समुद्राच्या काठावर राहणाऱ्या आपल्या राज्यात या अभ्यासाची माहिती फारच थोड्यांना आहे. त्या पालकांसाठी आणि त्यांच्या मुलामुलींसाठी हा लेख आहे.

१. सागरविज्ञान म्हणजे काय?

पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे ७१ टक्के भाग समुद्राने व्यापलेला आहे. समुद्राची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर आहे, तर प्रशांत महासागरातील मारियाना गर्तेची खोली ११ किलोमीटरच्या जवळपास जाते. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे ६,००० मीटर खोलीवर सहाशेपट दाब. तेथे तीन माणसे नेता यावीत म्हणून आपल्या देशात ‘मत्स्य ६०००’ या पाणबुडीचे काम चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने हाती घेतले आहे. अशा या अफाट जलाशयाचे पाणी, त्यातील जीव, तळाचे खडक आणि वरची हवा यांचा एकत्रित अभ्यास म्हणजे सागरविज्ञान.

या शास्त्राचा पाया ‘चॅलेंजर’ नावाच्या ब्रिटिश जहाजाच्या १८७२ ते १८७६ या काळातील प्रवासाने घातला गेला असे मानतात. आपल्याकडे खरी चालना मिळाली ती १९५९ ते १९६५ या काळात झालेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने. अनेक देशांच्या जहाजांनी या मोहिमेत भाग घेतला. मोहीम संपताच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे असून मुंबई, कोची व विशाखापट्टणम येथे तिची प्रादेशिक केंद्रे आहेत.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘मरीन’ हा शब्द ऐकला की लोकांना बोटीवरची नोकरी आठवते. वास्तविक या शब्दाखाली तीन निरनिराळ्या वाटा आहेत. पहिली व्यापारी जहाजावरची, म्हणजे नौकानयन किंवा मरीन इंजिनिअरिंग. तिच्या अभ्यासक्रमांना केंद्र शासनाच्या नौवहन महासंचालनालयाची मान्यता लागते. दुसरी मत्स्यविज्ञानाची, म्हणजे मासे पकडणे, वाढवणे, टिकवणे व विकणे यांचे शास्त्र. तिसरी सागरविज्ञानाची, म्हणजे समुद्राच्या संशोधनाची. या तिन्ही वाटांची प्रवेशपात्रता व परीक्षा वेगवेगळ्या आहेत आणि नोकऱ्याही वेगवेगळ्या आहेत.

हा फरक ठाऊक नसल्याने केवढे नुकसान होते, ते आम्ही काउंटरवरून पाहिले आहे. एका कुटुंबाने दागिने गहाण ठेवून मुलाला ‘मरीन’चा अभ्यासक्रम देणाऱ्या एका खाजगी संस्थेत घातले. मुलाला सागरी जीवशास्त्र शिकायचे होते. वर्षाअखेर त्याच्या हाती पडले ते कोणत्याही विद्यापीठाची वा महासंचालनालयाची मान्यता नसलेले प्रमाणपत्र. सोने सोडवायला त्या माउलीला तीन वर्षे लागली आणि मुलाची दोन वर्षे गेली ती गेलीच. म्हणून पैसे भरण्यापूर्वी मान्यतेचा कागद स्वतः पाहावा. माहितीपत्रकावरील जहाजाचे चित्र म्हणजे मान्यता नव्हे.

२. तिथीची पाऊणपट

विज्ञान म्हणजे काहीतरी परके, पुस्तकी, इंग्रजी अशी आपल्या मुलांची भावना असते. वस्तुतः समुद्राचे कितीतरी ज्ञान आपल्या किनाऱ्यावरील माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. मुंबई व उत्तर कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक ठोकताळा आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी दुसरी भरती.

यामागील शास्त्र सोपे आहे. भरती मुख्यतः चंद्राच्या आकर्षणाने येते आणि चंद्र दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा त्याच जागी येतो. तिथीमागे पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे धरली की हिशेब जवळपास जुळतो. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र व सूर्य यांचे आकर्षण एका रेषेत येते, म्हणून उधाणाची भरती होते. अष्टमीच्या आसपास ते एकमेकांना काटकोनात असतात, म्हणून पाणी कमी चढते. त्याला आपले कोळी बांधव भांग म्हणतात. उधाणाला प्रवाहाचा जोर असतो, आणि प्रवाहात रोवलेल्या डोल जाळ्यात बोंबील मिळायचे ते या जोरावरच.

मग विद्यापीठात जाऊन अधिक काय कळते? ठोकताळा आपल्या खाडीपुरता चालतो, दुसऱ्या बंदराला लागू पडत नाही. गोव्यात उधाणाला पाणी सुमारे दोन मीटर चढते-उतरते, मुंबईत सुमारे पाच मीटर, तर खंभातच्या आखातात दहा मीटरच्याही पुढे. एकाच चंद्राखाली हा फरक का पडतो? आखाताचा निमुळता आकार, तळाचा उथळपणा व लाटेचे परतणे यांचे गणित मांडले म्हणजे उत्तर मिळते. आजोबांना वेळ ठाऊक होती, नातीला कारण ठाऊक होईल. शिक्षणाने जुन्या ज्ञानाची किंमत कमी होत नाही, उलट त्यात भर पडते.

३. समुद्राची खातेवही

बँकेतल्या माणसाला सागरविज्ञान फार परके वाटत नाही, याचे कारण हे शास्त्र जमा-खर्चाचे आहे. समुद्राचे शास्त्रज्ञ उष्णतेचा ताळेबंद मांडतात, क्षाराचा मांडतात, कर्बाचाही मांडतात.

क्षाराचेच पाहा. एक किलो समुद्राच्या पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. परंतु भारताच्या दोन बाजूंचे दोन समुद्र सारखे खारट नाहीत. अरबी समुद्रातून बाष्पीभवनाने पाणी जास्त जाते आणि नद्यांचे गोडे पाणी त्या मानाने कमी येते, म्हणून तो अधिक खारट. बंगालच्या उपसागराच्या खात्यात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, कृष्णा, इरावती अशा मोठ्या नद्या भरणा करतात, म्हणून त्याचा वरचा थर कमी खारट. आपली गोदावरी अरबी समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर त्र्यंबकेश्वरला उगम पावते, पण पाणी जमा करते ते पूर्वेच्या खात्यात! हलके, कमी खारट पाणी वर तरंगत राहिल्याने उपसागराचा पृष्ठभाग उबदार राहतो आणि चक्रीवादळांना बळ मिळण्यात त्याचाही वाटा असतो. म्हणजे चिमूटभर मिठाचा हिशेब थेट किनाऱ्यावरील झोपडीपर्यंत पोहोचतो.

दुसरे खाते प्राणवायूचे. अरबी समुद्रात सुमारे दीडशे-दोनशे मीटरपासून हजार मीटर खोलीपर्यंत प्राणवायू अत्यंत कमी असलेला जाड थर आहे. नैऋत्य मोसमी पावसाच्या काळात पश्चिम किनाऱ्याजवळ खालचे थंड पाणी वर सरकते. त्यात खताप्रमाणे पोषक द्रव्ये असतात, म्हणून प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, भरभर वाढतात आणि माशांना अन्न मिळते. परंतु त्याच पाण्यात प्राणवायू कमी असल्याने तळाजवळच्या जीवांचा श्वास कोंडतो. एकाच व्यवहारात लाभ आणि हानी दोन्ही आहेत. हे प्रमाण वर्षानुवर्षे कसे बदलते ते समजावे म्हणून गोव्याच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी कांदोळीच्या समोर ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा जाऊन नोंदी घेतल्या आहेत.

नोंदीचे महत्त्व सांगणारे सर्वांत चांगले उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. अपोलो बंदर येथील समुद्रपातळीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. आशियातील अतिशय जुन्या नोंदींत त्यांची गणना होते. ज्या कारकुनांनी व मापकांनी त्या लिहिल्या, त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. समुद्राची पातळी वाढत आहे, हे पुढे कोणी सिद्ध करील अशी त्यांना कल्पनाही नसेल. परंतु त्यांनी आकडे प्रामाणिकपणे लिहिले. त्यांच्या आणि इतर बंदरांच्या नोंदींवरून विसाव्या शतकात आपल्या भागातील पातळी वर्षाला साधारण एक ते पावणेदोन मिलिमीटर वाढली, असा हिशेब गोव्याच्या शास्त्रज्ञांनी मांडला. १९९३ पासून उपग्रहांनी मोजलेला जागतिक वेग त्याहून जास्त, म्हणजे तीन मिलिमीटरच्या वर आहे. एक मिलिमीटर म्हणजे काय, असे वाटेल. पण चक्रवाढीने रक्कम कशी फुगते ते कर्ज घेतलेल्या माणसाला सांगणे न लगे. मुंबईच्या खाडीकाठी, भरावाच्या जमिनीवर, नाल्याच्या कडेला कोण राहते हे आपणा सर्वांना माहीत आहे. उधाणाचे पाणी प्रथम कोणाच्या घरात शिरते हेही माहीत आहे. ते पाणी मोजणाऱ्यांत आणि त्यावर उपाय ठरवणाऱ्यांत त्या वस्त्यांतील मुले असली पाहिजेत, असे आम्हांस मनापासून वाटते.

४. विद्यापीठात काय शिकवतात?

या शास्त्राच्या चार मुख्य शाखा आहेत. भौतिक शाखेत लाटा, प्रवाह, भरती-ओहोटी, उष्णता व वारे येतात, त्यासाठी गणित आणि भौतिकशास्त्र पक्के हवे. रासायनिक शाखेत क्षार, प्राणवायू, पोषक द्रव्ये व प्रदूषण येते. जीवशास्त्रीय शाखेत सूक्ष्मजीव व प्लवकांपासून देवमाशांपर्यंत, तसेच प्रवाळ आणि खारफुटी यांचा अभ्यास असतो. भूशास्त्रीय शाखेत तळाचा गाळ, खडक, खनिजे व किनाऱ्याची झीज येते. पदव्युत्तर वर्गात बहुधा चारही शाखांची तोंडओळख होते आणि मग एकीत प्रावीण्य मिळवायचे असते.

प्रात्यक्षिके मोठी मनोरंजक असतात. तीस सेंटिमीटर व्यासाची पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहायची. एवढ्याने पाण्याची पारदर्शकता कळते. बारीक जाळी ओढून प्लवक गोळा करायचे व सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजायचे. ठरावीक खोलीवर तोंड मिटणारी बाटली सोडून पाणी आणायचे आणि त्यातील प्राणवायू अनुमापनाने काढायचा. खोलीबरोबर तापमान व क्षारता नोंदवणारे यंत्र जहाजावरून खाली सोडायचे. त्यानंतर आकड्यांचे संख्याशास्त्र व संगणकाचे काम येते. हल्ली निम्म्याहून अधिक वेळ संगणकापुढे जातो, हे विद्यार्थ्यांनी आधीच लक्षात घ्यावे. बोट लागते म्हणून घाबरू नये. बहुतेकांना पहिले दोन-तीन दिवस बोट लागते आणि मग शरीर सरावते. ज्यांना जहाज मानवतच नाही, त्यांना प्रयोगशाळेत व संगणकावर भरपूर काम आहे.

५. कोठे शिकता येते?

बारावीनंतर लगेच ‘मरीन’ नावाची पदवी शोधत बसण्याची गरज नाही. आपल्या जवळच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, भूशास्त्र यांपैकी एका मूळ विषयात बी. एस्सी. करावे. खरा प्रवेश एम. एस्सी.च्या पायरीवर आहे. यामुळे पहिली तीन वर्षे घरी राहून, कमी खर्चात शिकता येते आणि मन बदलले तरी इतर वाटा मोकळ्या राहतात.

पदव्युत्तर शिक्षणासाठी आपल्याला सर्वांत जवळचे म्हणजे ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठ. त्याची स्थापना १९८५ ची आहे. केरळात कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ, आंध्रात विशाखापट्टणमचे आंध्र विद्यापीठ आणि तामिळनाडूत अण्णामलै विद्यापीठाचे परंगीपेट्टै येथील सागरी जीवशास्त्र केंद्र ही नावाजलेली ठिकाणे आहेत. बहुतेक ठिकाणी प्रवेश परीक्षा असते. तिच्या तारखा त्या-त्या विद्यापीठाच्या सूचनेत पाहाव्यात.

मत्स्यविज्ञानाची आवड असेल तर बारावी विज्ञानानंतर थेट चार वर्षांची बी. एफ. एस्सी. करता येते. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे. नागपूर व उदगीर येथेही मत्स्यविज्ञान महाविद्यालये आहेत. म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलांनाही ही वाट बंद नाही. पुढील शिक्षणासाठी मुंबईत वर्सोवा येथे केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. ती १९६१ मध्ये सुरू झाली व १९८९ पासून अभिमत विद्यापीठ आहे.

६. मुलींनी जावे काय?

हा प्रश्न पालक हमखास विचारतात. उत्तरादाखल एकच नाव पुरे आहे. नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत यांनी पुणे विद्यापीठातून बी. एस्सी. केले. सागरी जीवांवरील एका पुस्तकाच्या वाचनाने त्या या विषयाकडे वळल्या. हवाई विद्यापीठात सागरविज्ञान शिकल्या, लंडनला डॉक्टरेट मिळवली आणि परत येऊन राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केले. १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत त्या आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या दोघी गेल्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या या पहिल्या महिला होत. जी वाट चाळीस वर्षांपूर्वी एका मराठी मुलीने मोकळी केली, तिच्यावर आज आपल्या मुलीला पाठवताना ‘लोक काय म्हणतील’ याचा विचार करण्याचे प्रयोजन नाही. वसतिगृह मिळते का, ही चौकशी मात्र जरूर करावी. तो विचार मुलांच्या बाबतीतही तितकाच आवश्यक आहे.

७. पैसा, काळ आणि नोकरी

आता रोखठोक बोलू. बारावीनंतर पदवीची तीन, पदव्युत्तर दोन आणि डॉक्टरेटची साधारण पाच, अशी दहा वर्षे धरा. म्हणजे मूल अठ्ठावीस वर्षांचे होईल. घरात मिळवते दुसरे कोणी नसेल, तर हा काळ कसा काढायचा याचा विचार आधी व्हावा. समाधानाची गोष्ट अशी की, एम. एस्सी.नंतर राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये मिळतात. म्हणजे डॉक्टरेटचा काळ निव्वळ खर्चाचा राहत नाही.

त्यापूर्वीच्या पाच वर्षांसाठी प्रथम शिष्यवृत्ती पाहावी, कर्ज नंतर. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. परदेशी शिक्षणासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाच्या व गुणांच्या अटी बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात वाचावी. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र व उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न पाहता तयार ठेवावा. एका कागदाअभावी वर्ष गेलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

कर्ज घ्यावेच लागले तर चार लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही व साडेसात लाखांपर्यंत बँकांच्या आदर्श योजनेत तारण लागत नाही. परतफेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते. परंतु व्याज पहिल्या दिवसापासून चालू असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. समजा, चार लाख रुपये एकदम उचलले व व्याज दहा टक्के आहे, तर तीन वर्षांत नुसते सरळव्याजच एक लाख वीस हजार होते. म्हणून रक्कम सत्रागणिक उचलावी, जमेल तेवढे व्याज शिकत असतानाच भरावे आणि व्याजसवलतीच्या शासकीय योजनेची शाखेत स्पष्ट विचारणा करावी. विचारण्यात संकोच नको, सांगण्यासाठीच आम्हांला पगार मिळतो.

नोकऱ्यांचे चित्र रंगवून सांगणार नाही. राष्ट्रीय संस्थांत कायम जागा थोड्या आहेत व स्पर्धा मोठी आहे. अनेकांना प्रथम प्रकल्पावर कंत्राटी काम करावे लागते. तरीही क्षेत्र वाढते आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर हैदराबादच्या महासागर माहिती सेवा केंद्रात २००७ मध्ये इशारा केंद्र उभे राहिले. मासे कोठे मिळण्याचा संभव आहे याची सूचनाही हेच केंद्र उपग्रहांच्या नोंदींवरून मच्छीमारांना त्यांच्या भाषेत देते. २०२१ मध्ये केंद्र शासनाने खोल समुद्र मोहिमेस मंजुरी दिली. किनारी प्रकल्पांना पर्यावरण परिणामांचा अभ्यास सक्तीचा असल्याने खाजगी सल्लागार संस्थांनाही अशा पदवीधरांची गरज असते. राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग, मुंबईतील भारतीय मत्स्य सर्वेक्षण, कांदळवन कक्ष, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि अध्यापन ही आणखी काही क्षेत्रे. शिवाय आमच्याच व्यवसायातील एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. बँकांच्या कृषी अधिकारी पदासाठी मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवीही चालते. म्हणजे बँकेची आशा धरलेल्या आई-वडिलांना आणि समुद्राची ओढ असलेल्या मुलालाही समाधान मिळू शकेल.

समारोप

वरील विवेचनाचा अर्थ प्रत्येकाने सागरविज्ञानाकडेच जावे असा नाही. ज्याला निरीक्षणाची आवड आहे, आकड्यांचा कंटाळा नाही आणि फळासाठी थांबण्याची तयारी आहे, त्याच्यासाठी ही वाट आहे. तेव्हा पालकांनी एक करावे. मुलाला घेऊन एखाद्या अमावास्येला खाडीवर जावे, तिथीची पाऊणपट काढावी आणि पाणी खरोखर केव्हा चढते ते घड्याळ लावून पाहावे. ठोकताळा व घड्याळ यांत वीस मिनिटांचा फरक पडला आणि मुलाने ‘असे का?’ म्हणून विचारले, तर त्या प्रश्नाचा मान राखावा. पुढच्या वाटेची माहिती वर दिलीच आहे.